आहेराची वही

विद्वान माणसाची विद्वत्ता मोजायची कशी, हा प्रश्न आमच्या लहानपणी कोणालाच पडत नसे. ज्याच्या बोलण्यातले काही कळत नाही तो विद्वान, आणि ज्याच्या गप्प बसण्यातलेही काही कळत नाही तो महाविद्वान, अशी सोपी पद्धत होती. ती फारशी चुकत नसे. कारण चुकली की बरोबर आली हे तपासायला कोणी बसत नसे. शाल आणि श्रीफळ दोन्हींचा खप बरा चालला होता आणि विद्वत्तेवाचून कोणाचे काही अडत नव्हते.

आता तसे राहिलेले नाही. आता विद्वत्तेला आकडा आला आहे.

हा आकडा मला प्रथम भेटला तो माझ्या भाच्याच्या तोंडून. भाचा एका कॉलेजात कॉम्प्यूटर सायन्सचा प्राध्यापक आहे. कॉलेजचे नाव सांगत नाही, कारण पुढे जे येणार आहे ते कोणत्याही कॉलेजात घडू शकते आणि त्या सगळ्यांनाच ते आपल्यावर आहे असे वाटले तर मला आवडेल. त्याला फोनवर विचारले, "काय रे, कसा आहेस?" तर म्हणाला, "नऊवर अडकलोय, मामा." मला वाटले लिफ्टमधून बोलतोय. म्हटले, "वॉचमनला हाक मार." तेव्हा त्याने खुलासा केला की नऊ हा मजला नसून तो स्वतः आहे. म्हणजे त्याचा एच-इंडेक्स.

माझी उभी हयात बँकेच्या लेजरमध्ये गेली. कॉम्प्यूटरशी माझा पहिला संबंध आला तो कॉम्प्यूटरविरुद्ध घोषणा देण्याच्या निमित्ताने. तरीही आकडा म्हटला की आमची बँकवाल्यांची नजर आपोआप चष्म्याच्या वरून जाते. म्हटले, हा एच-इंडेक्स समजावून दे. त्याने तो दिला, आणि मी तो तुम्हाला पुरणपोळीच्या भाषेत देतो.

संशोधक पेपर लिहितो. दुसरे संशोधक आपल्या पेपरात त्याचा दाखला देतात : 'हे अमक्याने आधीच करून ठेवले आहे.' ह्याला सायटेशन म्हणतात. आता ज्याचे नऊ पेपर असे आहेत की त्यांतल्या प्रत्येकाचा किमान नऊ वेळा दाखला दिला गेला आहे, आणि दहा पेपरांच्या बाबतीत मात्र हे जमलेले नाही, त्याचा एच-इंडेक्स नऊ. ही युक्ती हॉर्हे हिर्श नावाच्या कॅलिफोर्नियातल्या एका पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकाने २००५ साली काढली. युक्ती चतुर आहे. नुसतेच ढीगभर पेपर लिहिणारा तीत पुढे जात नाही, आणि एखाद्याच पेपरावर जन्मभर मिरवणाराही जात नाही.

ह्या दुसऱ्या गोष्टीवर मी थबकलो. आमच्या चाळीत एक काकू होत्या. त्यांची पुरणपोळी ज्याने खाल्ली तो माणूस पुढे कोठेही पुरणपोळी खाताना एकदा डोळे मिटून त्यांचे नाव घेत असे. अशी तीनशे माणसे मी स्वतः दाखवू शकेन. बाकीचा त्यांचा स्वयंपाक मात्र देवाने आपल्या सहनशक्तीची परीक्षा पाहण्यासाठी निर्माण केला होता. त्यांचा एच-इंडेक्स किती? एक! आणि समोरच्या बिऱ्हाडातल्या वहिनी, ज्यांचे नऊ पदार्थ प्रत्येकी नऊ माणसांनी "बरे आहेत हं" म्हणून वाखाणले होते, त्यांचा नऊ. काकू नापास आणि वहिनींना प्रमोशन. एकूण दाखले निराळे मोजतात म्हणा. पण चाळकमिटीला दोन आकडे वाचण्याइतका वेळ असतोच असे नाही.

बरे, पदार्थ कोणता हेही महत्त्वाचे. माझा भाचा मोडी वाचतो. म्हणजे यंत्राला मोडी वाचायला शिकवतो. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल बांधून पडले आहेत आणि ते वाचणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरत चालली आहेत. मोडीत आधी पानभर आडवी रेघ मारून घेत आणि मग तिला अक्षरे लटकवीत जात. शब्द कोठे संपला हे लिहिणाऱ्याला ठाऊक असे आणि वाचणाऱ्याने ते नशिबावर सोडायचे असे. ह्या लिपीला कॉम्प्यूटरच्या युनिकोडमध्ये जागा मिळाली तीच २०१४ साली. आता ह्या विषयावर जगात काम करणारे लोक किती असणार? सगळे एका पंगतीत बसले तरी वाढप्याला दुसरा फेरा मारावा लागणार नाही. मग दाखले देणार कोण? उलट गूगलमधल्या मंडळींनी २०१७ साली भाषेच्या यंत्रांवर एक पेपर लिहिला. लेखक आठ, दाखले आजमितीस एक लाखाच्या वर! तो पेपर मोठा आहे यात वाद नाही. पण त्याच्या आणि भाच्याच्या आकड्यांची तुलना करणे म्हणजे दादर स्टेशनावरच्या वडेवाल्याचा गल्ला आणि दिवेआगरच्या खाणावळीचा गल्ला शेजारी ठेवून कोणाच्या हाताला चव जास्त हे ठरवणे.

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, की चला, आकड्यांच्या नावाने बोटे मोडण्याचा कार्यक्रम आहे. तसे नाही. मी बँकेतला माणूस आहे. आकड्यांचे मीठ खाल्ले आहे. दाखले मोजायचे हे खूळ निघाले कोठून, हे मी भाच्याकडून समजून घेतले, तेव्हा मला ते खूळ वाटेना.

अमेरिकेतल्या वकिलांना जुन्या निकालाचा आधार घ्यायचा तर आधी पाहावे लागते, की तो निकाल पुढे कोण्या न्यायाधीशाने उचलून धरला की उलटवला. म्हणून फ्रँक शेपर्ड नावाच्या गृहस्थाने १८७३ पासून कोणत्या निकालाचा उल्लेख पुढे कोठे आला ह्याच्या याद्या छापायला सुरुवात केली. त्यावरून यूजीन गारफील्ड ह्याने १९५५ साली सुचवले, की विज्ञानातही असेच करावे. आणि १९६४ साली फिलाडेल्फियातून 'सायन्स सायटेशन इंडेक्स' बाहेर काढला. हेतू हा, की एखादा विचार पुढे कोठकोठे गेला ते शोधता यावे. माणसे तोलण्याचा काटा म्हणून तो जन्माला आला नव्हता. पुढे कॉम्प्यूटरवाल्यांनी स्वतःचाही सातबारा केला. जर्मनीतल्या ट्रिअर विद्यापीठात १९९३ पासून त्यांच्या पेपरांची यादी ठेवायला लागले. २००४ साली गूगल स्कॉलर आले आणि प्रत्येकाच्या नावापुढे आकडा उघड्यावर पडला.

आणि तो उघड्यावर पडला हे बरेच झाले, असे माझे मत आहे. त्यापूर्वी कोण मोठा हे कोण ठरवीत असे? साहेब. साहेबांचा विद्यार्थी, साहेबांच्या विद्यार्थ्याचा मेहुणा आणि साहेबांच्या कुत्र्याला फिरवून आणणारा उमेदवार हे तिघे सोडून चौथ्याला विद्वान होण्याची परवानगी नव्हती. ज्याच्या पाठीशी कोणी नाही अशा तालुक्याच्या कॉलेजातल्या पोराला "हे बघा, जगात चाळीस लोकांनी माझा आधार घेतला आहे" असे म्हणण्याची सोय झाली ती ह्या आकड्याने. निनावी माणसाला मिळालेला तो न्याय होता. तेव्हा मोजू नका म्हणणाऱ्यांनी आधी साहेबांचे काय करायचे ते सांगावे.

घोळ होतो तो पुढे. तो कसा होतो हे समजायला कॉम्प्यूटर सायन्स लागत नाही. घरातली आहेराची वही पुरते.

आमच्या लग्नातली आहेराची वही अजून आमच्याकडे आहे. हिच्या ट्रंकेत, शालूच्या खाली. 'रा. रा. अमुक, रुपये ५. सौ. तमुक, स्टीलची वाटी, एक.' वही लिहिण्याचा मूळ हेतू सात्त्विक. आपल्या कार्याला कोण कोण धावून आले ते लक्षात राहावे. पण एकदा वही आली की त्यांच्या मुलीच्या लग्नात आपण काय द्यायचे ते वही सांगू लागते. वाटी आली, वाटी गेली. आमच्याकडे आलेले एक घड्याळ सात लग्ने हिंडून आठव्यांदा आमच्याच भाचीच्या मुंजीत परत आले. मधल्या कोणीही ते किती वाजले हे पाहण्यासाठी वापरले नव्हते.

दाखल्यांचे नेमके हेच होते. तू माझा दे, मी तुझा देतो. पाच जणांनी एकमेकांना वाट्या द्यायच्या आणि पाचही घरे भरलेली दिसायची. ज्याला चार मित्र जमत नाहीत तो स्वतःच्याच जुन्या पेपरांचे दाखले देतो. स्वतःच्या लग्नात स्वतःच आहेर करून स्वतःच वहीत लिहायचा. शिवाय वहीला शिव्या आणि ओव्या यांतला फरक कळत नाही. 'अमक्याने हे सिद्ध केले' आणि 'अमक्याचे हे साफ चूक आहे' हे दोन्ही त्या अमक्याच्या खात्यावर जमाच.

ह्याचा मूळपुरुष शोधताना मला १९७५ हे साल मोठे गमतीचे सापडले. आपल्याकडे ते निराळ्या कारणासाठी लक्षात आहे. पण त्याच वर्षी अमेरिकेत मिशिगनच्या एका पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकाने एकट्याने एक पेपर लिहिला आणि त्यात सर्वत्र 'आम्ही, आम्ही' असे टाइप केले. एकट्या लेखकाचे 'आम्ही' ते नियतकालिक घेत नाही असे कळले, तेव्हा सगळा पेपर पुन्हा टाइप करण्याऐवजी त्याने आपल्या मांजराला सहलेखक केले. मांजराचे नाव चेस्टर. त्याच्या वडिलांचे नाव विलर्ड असल्यामुळे पेपरावर ते एफ. डी. सी. विलर्ड ह्या नावाने झळकले. वडिलांचे नाव लावण्याची आपली पद्धत परदेशी मांजरांतही आहे हे पाहून मला बरे वाटले.

त्याच १९७५ सालचा कॉर्नेल विद्यापीठातल्या जेरार्ड सॉल्टन ह्यांचा एक पेपर कॉम्प्यूटरवाले वर्षानुवर्षे मोठ्या आदराने दाखल्यात देत आले. २००४ साली एकाने शोध घेतला तेव्हा आढळले की असा पेपर सॉल्टनसाहेबांनी लिहिलाच नव्हता! त्यांचे त्या वर्षीचे दुसरे, मिळत्याजुळत्या नावाचे लेखन होते. एकाने नाव चुकवले आणि पुढच्यांनी पेपर न उघडता ते उतरवून घेतले.

आणि त्याच १९७५ साली बँक ऑफ इंग्लंडचे सल्लागार चार्ल्स गुडहार्ट ह्यांनी जे म्हटले त्याचा सारांश असा, की एखाद्या आकड्यावरून तुम्ही कारभार हाकू लागलात की तो आकडा पूर्वीसारखा विश्वासाचा राहत नाही. शेवटी खरे बोलला तो बँकवालाच! आमच्याकडे ३१ मार्चला ठेवी अशा फुगत की पुरीने लाजावे, आणि १ एप्रिलला त्याच ठेवी पुरीसारख्याच बसत. वरून ठेवींचा आकडा मागत होते. आम्ही ठेवी देत नव्हतो, आकडा देत होतो.

ही पुरी कुठवर फुगू शकते हे फ्रान्समधल्या सिरील लाबे नावाच्या संशोधकाने २०१० साली दाखवून दिले. एम.आय.टी.तल्या तीन विद्यार्थ्यांनी २००५ साली गंमत म्हणून एक प्रोग्रॅम लिहिला होता. बटण दाबले की अर्थ नसलेला, पण दिसायला रुबाबदार असा कॉम्प्यूटर सायन्सचा पेपर तयार. लाबेंनी त्यातून शंभरएक पेपर पाडले, त्यांना एकमेकांचे दाखले द्यायला लावले आणि लेखकाचे नाव ठेवले आइक अँटकेअर. भरभर म्हणून पाहा; इंग्रजीत 'मला काय त्याचे' असे ऐकू येते. ह्या जन्मालाच न आलेल्या गृहस्थांचा एच-इंडेक्स झाला चौऱ्याण्णव. त्या यादीत आइन्स्टाइन त्यांच्या खाली. २०२४ साली दोन संशोधकांनी तर लॅरी नावाच्या मांजराला अकरापर्यंत नेले, आणि विलर्डसाहेबांचा मांजरांतला जुना विक्रम मोडला.

हे सगळे भाच्याने मला सांगितले तेव्हा मी इतका हसलो की ही स्वयंपाकघरातून बाहेर आली. भाचा मात्र हसत नव्हता. म्हणाला, "मामा, त्या मांजराचा अकरा आहे. माझा नऊ." आणि मग खिशातून एक कागद काढला.

त्याचा मोडीवरचा नवा पेपर एका नियतकालिकाकडे गेला होता. तेथे परीक्षक गुप्त असतात. परीक्षकाने लिहिले होते : काम उत्तम आहे, मात्र पुढील तीन पेपरांचे दाखले दिल्यास ते अधिक परिपूर्ण होईल. तिन्ही पेपरांवर एक नाव सामाईक होते. म्हणजे गुप्त परीक्षकाने आपले नाव एकदा नाही, तीनदा सांगितले होते. इकडे कॉलेजात बढतीची मुलाखत चार महिन्यांवर. पेपर छापून आला तर गुण, न आला तर पुढची मुलाखत कधी ते प्राचार्यांनाही ठाऊक नाही. घरात कर्ज, मुलगी बारावीला. तीन ओळी लिहायच्या, बस्स. कोणाच्या खिशातून एक पैसा जात नाही.

ही म्हणाली, "मग घाल की तीन नावं! आपण लग्नपत्रिकेत 'आपले नम्र' म्हणून सतरा जणांची नाही का घातली? त्यांतल्या पंधरांनी खुर्चीसुद्धा उचलली नव्हती."

मला पटकन उत्तर सुचेना, आणि इथेच तो प्रश्न आहे ज्यासाठी हा लेख लिहायला बसलो. खोटी स्तुती करणे वाईट, हे आपण शिकलेलो आहोत, तरी करतो. पण खोटे आभार मानणे वाईट आहे का? नुकसान कोणाचे?

आपल्याकडे माणूस जन्मतो तोच ऋणे घेऊन, असे मानले आहे. देवांचे, पितरांचे आणि ऋषींचे. आधीच्यांनी जे शोधून ठेवले ते शिकायचे आणि पुढच्याला द्यायचे, ही ऋषिऋणाची फेड. मला वाटते पेपराच्या शेवटी असलेली ती बारीक टाइपातली यादी म्हणजे हे ऋषिऋण. मी हे एकट्याने केलेले नाही. ह्याचे, ह्याचे आणि ह्याचे माझ्यावर देणे आहे, अशी ती कबुली. आता लेजरचा साधा नियम ऐका. एका खात्यावर खोटे देणे दाखवले की दुसऱ्या कोणाचे तरी खरे देणे झाकले जाते. तीन खोट्या नावांच्या गर्दीत चौथे खरे नाव वाचणाऱ्याच्या नजरेतून निसटते. त्या खऱ्याचा कर्ज दिल्याचा पुरावा नाहीसा होतो. नुकसान असे त्याचे होते, आणि तो तक्रार करायलाही येत नाही. कारण त्याला ते कळतच नाही.

आमचे कापरेकर गुरुजी आठवा. देवळालीच्या शाळेत गणित शिकवणारे मास्तर. कोणतीही चार आकडी संख्या घ्या, चारही आकडे सारखे नकोत. मोठ्याकडून लहानाकडे मांडा, लहानाकडून मोठ्याकडे मांडा, वजाबाकी करा, पुन्हा तेच. फार तर सात वेळात ६१७४ येते आणि तिथेच मुक्काम करते. ३५२४ घेऊन पाहा : ३०८७, ८३५२, ६१७४. जगाला हे कळले ते मार्टिन गार्डनर ह्यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये लिहिल्यावर. साल पुन्हा १९७५! आज कॉम्प्यूटर शिकणाऱ्या पोरांना हा हिशेब प्रोग्रॅम लिहायच्या सरावाला देतात. हजारो पोरे तो लिहितात आणि त्यांतला एकही दाखला कोणाच्या खात्यावर पडत नाही. गुरुजींच्या अंगी मोठेपण होते, पण ते जमेच्या बाजूला उतरवायला वहीत रकाना नव्हता.

हे मी भाच्याला माझ्या परीने सांगत होतो. एवढ्यात हिने मधेच विचारले, "पण तू ते तीन वाचलेस का रे?"

भाचा म्हणाला, "नाही, मामी."

"मग आधी वाच. न वाचता नाव घालणं वाईट, तसं न वाचता नाव गाळणंही वाईटच की."

पस्तीस वर्षे आमच्या शाखेला जो ऑडिटर हवा होता तो हा असा घरात बसला होता.

भाच्याने तिन्ही पेपर वाचले. दोन कामाचे नव्हते. तिसरा निघाला खरोखर उपयोगाचा. शब्दांमध्ये मोकळी जागा न सोडणाऱ्या लिपीत शब्द कसे वेगळे काढायचे ह्यावर. त्यातून त्याची एक अडलेली गाठ सुटली. त्याने संपादकांना लिहिले : 'तिसऱ्या पेपराचा दाखला कृतज्ञतेने दिला आहे आणि तो कोठे उपयोगी पडला तेही लिहिले आहे. पहिल्या दोहोंचा माझ्या कामाशी संबंध आढळला नाही.' पुढे काय झाले असेल ते तुम्ही ओळखलेच असेल. पेपर साभार परत. दुसरीकडे छापून आला तो चौदा महिन्यांनी. मुलाखत त्याआधीच होऊन गेली होती. भाचा आहे तिथेच आहे, नऊवर. त्याने बरोबर केले असे मला वाटते. पण ते त्याच्या पगारातून झाले, माझ्या पेन्शनमधून नव्हे, हे मी विसरत नाही. आणि ज्याला घरचे ओढवत नाही म्हणून तीन नावे घालावी लागली, त्याला मी शिव्याही देणार नाही. ज्यांनी त्याला त्या वळणावर आणून उभे केले त्यांच्यासाठी त्या राखून ठेवल्या आहेत.

कॉम्प्यूटर सायन्समध्ये डोनाल्ड नुथ नावाचे एक ऋषीच आहेत. आपल्या ग्रंथात चूक दाखवणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी वर्षानुवर्षे दोन डॉलर छप्पन्न सेंटचा चेक पाठवला. स्वतःच्या चुका सांगणाऱ्याचे ऋण ते रोख मान्य करीत. गंमत अशी की पुष्कळांनी तो चेक वटवलाच नाही. चौकटीत घालून भिंतीवर लावला. शेवटी खात्याचे नंबर चोरीला जाऊ लागले म्हणून २००८ पासून ते खऱ्या चेकऐवजी सान सेरिफ ह्या काल्पनिक देशातल्या काल्पनिक बँकेचे प्रमाणपत्र पाठवू लागले. त्याची किंमत जराही उतरली नाही. बँकेतल्या माझ्या सबंध नोकरीत, न वटवल्यामुळे मोल वाढणारा चेक मी पाहिला नव्हता. एकीकडे हे खरे पैसे, जे लोकांनी आभार म्हणून जपून ठेवले. आणि दुसरीकडे दाखला, जो मुळात आभारच होता, तो रोज काउंटरवर वटवायला येतो.

तेव्हा आहेराची वही जाळावी असे मी म्हणत नाही. जाळली तर पुन्हा साहेब येतील, कुत्र्यासकट. वही ठेवावी, नीट लिहावी, कोण आले होते ते अधूनमधून उघडून आठवावे. फक्त पुढच्या कार्याला कोणाला बोलवायचे हे तिच्यात पाहून ठरवू नये. आमच्या वहीच्या शेवटच्या पानावर हिच्या अक्षरात एक नोंद आहे : 'शेजारच्या काकू : काही दिले नाही. दोन दिवस राबल्या.' रकमेच्या रकान्यात रेघ मारलेली आहे.

पुरणपोळीवाल्या त्या ह्याच.